डावीकडची एक दाढ जास्त

माझ्या सासऱ्यांच्या खालच्या जबड्यातली शेवटची उरलेली दाढ डॉक्टरांनी काढून माझ्या हातावर ठेवली, तेव्हा तिच्या माथ्यावर एक आडवी खाच होती. कानशीने घासावी तशी गुळगुळीत. दातांचे ठसे आणि साचे हाताळण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे झिजलेल्या दाढा मी खूप पाहिल्या होत्या. सुपारीने झिजलेल्या, झोपेत दात खाऊन झिजलेल्या. ही सुताने झिजली होती.

सासरे भाईंदरजवळच्या उत्तनचे कोळी. चाळीसेक वर्षं होडीवर आणि पावसाळ्यात जाळी शिवण्यात काढली, आणि गुडघे गेले तेव्हा नुसती जाळी दुरुस्त करायला बसले. जून लागला की तिकडे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पुनवेपर्यंत पडव्यांमधून जाळी पसरलेली असतात. फाटल्या जागी नायलॉनचं सूत घालायचं, सुईने गाठ मारायची, ती आवळायची. एका हातात जाळं, एका हातात सुई. पायाच्या अंगठ्याने जाळं ताणून धरायचं. गाठ आवळायला आणखी एक हात लागतो, तो माणसाला नाही, म्हणून सुताचं टोक दातात. सासऱ्यांचे खालचे पुढचे दात लवकर गेले होते. ते डाव्या दाढेत सूत धरायचे आणि मान किंचित बाहेरच्या बाजूला झटकायचे. तेवढ्याने गाठ बसायची. दिवसातून किती वेळा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि ब्रिज बनवून देणारी माझी छोटी लॅब तेव्हा नवघरला, एका इमारतीच्या तळमजल्यावर होती. समुद्राशी संबंध नसलेला जावई त्या घरात चटकन मानला गेला नाही. माझ्या नखांत कायम प्लास्टर असायचं. पोर प्लास्टरच्या पोत्यात दिली, असं सासरे माझ्यासमोरच पाहुण्यांना सांगायचे आणि मग मला माशाचा मधला तुकडा वाढायला लावायचे. हळूहळू ते मला मानू लागले होते, पण ते माझ्या धंद्यामुळे नव्हे. धंद्याबद्दल त्यांचं मत व्हायचं होतं.

दाढ गेल्यावर खालची कवळी मीच केली. चांगली केली होती. पण खालची कवळी ही हिरडीवर नुसती ठेवलेली असते, तिला धरून ठेवणारं काही नसतं. पहिल्याच दिवशी पडवीत चारचौघांत बसून त्यांनी सूत दाढेत धरलं, मान झटकली, आणि कवळी सुताबरोबर बाहेर येऊन जाळ्यावर पडली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "गलाला चांगला मासा लागला." सगळे हसले. सासरेही हसले. त्यांनी कवळी पुसून खिशात टाकली, आणि दुसऱ्या दिवसापासून पडवीत जाणं बंद केलं. मला बायकोने हे आठवडाभराने सांगितलं. ती म्हणाली, ते घरात भिंतीकडे तोंड करून बसतात, जेवायलासुद्धा. गुडघ्यांमुळे समुद्र गेला होता. आता पडवीही गेली.

मी ज्यांचं काम करायचो त्यातले एक डॉक्टर त्याच सुमारास नवीन पद्धत शिकून आले होते. दोन हजारच्या दशकाचा मध्य असेल. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे चार-पाच खुंट बसवायचे, हाड त्यांना धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं, मग त्यांवर धातूची एक सलग पट्टी स्क्रूने आवळायची आणि पट्टीवर पूर्ण दंतपंक्ती. काढता न येणारी. अशा पूर्ण जबड्याची त्यांना पहिली केस करायची होती, मलाही. सासऱ्यांचं नाव मी सुचवलं. हे सगळं माझ्यापासून सुरू झालं, हे मी आधीच लिहून ठेवतो.

मी उत्तनला जाऊन साच्यावर त्यांना सगळं समजावलं. त्यांना समजावायची फार गरज पडली नाही. तिकडची डोल जाळी समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधतात, आणि भरती-ओहोटीचा सगळा ओढा ते खुंट सोसतात. त्यांनी साच्यातल्या पाच भोकांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, खुंट रोवल्यावर गाळ धरेपर्यंत थांबणार ना. मी म्हणालो, थांबणार. मग ते म्हणाले, खुंट सगळे पुढेच का. मी सांगितलं की मागे हाडातून नस जाते, तिथे भोक पाडता येत नाही. म्हणून खुंट पुढे आणि पट्टीची दोन टोकं मागे अधांतरी बाहेर काढायची, त्यावर दाढा. ते म्हणाले, "होडीच्या काठाभाईर फली काढली नि टोकाव मानूस उभा ऱ्हायला, त मार मानसाला नसतो. काठाला असतो."

मी बारा वर्षं या धंद्यात होतो आणि मला हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. टोकावर दहा किलोचा दाब पडला तर शेवटच्या खुंटावर दहाच पडत नाही, वीसही पडू शकतो, आणि त्याच वेळी पुढचे खुंट वर उपटले जात असतात. म्हणून टोक किती बाहेर काढायचं याला मर्यादा असते. सगळ्यात पुढचा खुंट आणि मागचे दोन यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या फार तर दीडपट. खुंट रोवून चार महिने झाल्यावर ठसा घेतला. सासऱ्यांचा जबडा पुढून चपटा होता, पाचही खुंट जवळजवळ एका ओळीत आले होते. अंतरच कमी, त्यामुळे टोकही आखूड. डॉक्टरांनी साच्यावर दोन्ही बाजूंना पेन्सिलने रेघ मारून दिली. रेघेच्या आत प्रत्येक बाजूला एक लहान दाढ बसत होती. त्यामागे काही नाही.

मी साचा घेऊन बसलो आणि मला ती खाच असलेली दाढ आठवली. ती मी ड्रॉवरमध्ये ठेवली होती. साच्यावर तिची जागा शोधली. ती रेघेच्या लगेच मागे, त्या लहान दाढेनंतरची होती. ज्या जागी ते चाळीस वर्षं सूत धरत आले, त्या जागी नव्या दंतपंक्तीत दात नव्हताच.

डावीकडे मी पट्टी एक दाढ लांबवली. त्यांनी मागितलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं नाही. मला वाटलं होतं की ते तोंड उघडून आरशात पाहतील, जीभ मागे नेतील आणि त्यांना आपली दाढ जागेवर सापडेल, आणि त्यांना कळेल की जावयाने लक्षात ठेवलं. हे प्रेम होतं की शाबासकीची हाव, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे, कारण तिच्यात प्रेमाचा प्रश्नच नव्हता.

एवढी लांब धातूची पट्टी ओतली की थंड होताना थोडीशी तरी वाकते. म्हणून ती तपासायची एक साधी रीत असते. उजव्या टोकाचा एकच स्क्रू आवळायचा आणि बाकी काही न आवळता डावीकडचं टोक खुंटावर टेकलंय का बघायचं. मी आवळून पाहिलं, तर डावीकडे नखाची कड जाईल एवढी फट होती. अशी पट्टी मधोमध कापायची, दोन तुकडे वेगवेगळे बसवायचे, पुन्हा जोडायची. ते काम माझ्याकडे होत नव्हतं, बाहेर द्यावं लागायचं आणि आठवडा-दहा दिवस जायचे. जून सुरू झाला होता. उत्तनच्या पडव्यांत जाळी उतरली होती आणि बायको रोज विचारत होती.

मी डावीकडचा स्क्रू आवळला. फट गेली. प्रत्येक वेळी आवळला की ती जायची. धंद्यातल्या कुणालाही विचारा, ही फट स्क्रूने जात नाही, हाडात जाते. आपला दात हाडात घट्ट बसलेला नसतो, त्याच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो. तो दाबाने किंचित हलतो, सावरून घेतो. खुंटाला तसलं काही नसतं. वाकडी पट्टी जबरदस्तीने आवळली की ती सरळ व्हायला बघते आणि खुंटाला दिवसरात्र ओढत राहते, माणूस जेवत नसला तरी. मला हे ठाऊक होतं. मी नव्या पोरांना हे शिकवायचो.

पट्टी बसवायच्या दिवशी मी दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी जास्तीची दाढ पाहिली आणि कपाळाला आठी घातली. मी म्हणालो, ती हलकी ठेवलीय, वरचा दात तिला टेकत नाही. हे खरं होतं. पण सूत मध्ये आलं की टेकणार होता. त्यांनी मान हलवली आणि एकेक स्क्रू आवळत गेले. डावीकडचा शेवटचा आवळताना सासऱ्यांनी हात वर केला.

"डावीकडं वडल्यासारखं वाटतं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "फ्रेम बराबर बैठा है ना?"

मी म्हणालो, "बसलंय, सर. नवीन आहे, होईल सवय."

एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. आवळल्यावर दिसणार नव्हतंच.

त्या पावसाळ्यात सासरे परत पडवीत बसले. मी रविवारी भाईंदर स्टेशनवरून बस धरून जायचो आणि वाटेतलं डोंगरी गाव मागे पडलं की माझी छाती फुगायची, इतका मी स्वतःवर खूश होतो. ते सूत त्या जास्तीच्या दाढेत धरायचे. मला बघून मुद्दाम जोरात झटका द्यायचे. शेजारच्या म्हाताऱ्याला सांगायचे, तुजे दात देवानं दिलेले, पडतील. माजे जावयानं दिलेले. मी तिथे बसून हसायचो. एकदा मी म्हणालो, बाबा, जरा हळू. ते म्हणाले, काय कळतच नाही, दगडाव धरल्यासारखं वाटतं. तेच तर होतं. स्वतःच्या दाढेने त्यांना चाळीस वर्षं सांगितलं असेल, आता पुरे, आता सोड. माझ्या दाढेला बोलता येत नव्हतं.

दिवाळीच्या आधी डावीकडचा स्क्रू सैल झाला. जेवताना टकटक आवाज यायचा. डॉक्टरांनी आवळून दिला. दोन महिन्यांनी परत सैल झाला, परत आवळला. स्क्रू सैल होणं म्हणजे पट्टीची स्वतःला सोडवून घ्यायची धडपड असते, त्याच वेळी ती कापून जोडायला हवी होती. मी दोन्ही वेळा दवाखान्यात हजर होतो, दोन्ही वेळा तोंड उघडलं आणि स्क्रूच्या मापाबद्दल काहीतरी बोललो. होळीच्या सुमारास डावीकडची हिरडी सुजली. नवा एक्स-रे काढला, तर शेवटच्या खुंटाभोवतीचं हाड वाटीसारखं खाली गेलं होतं. डॉक्टरांनी पट्टी सोडवली आणि खुंटाला चिमटा लावला. तो हातानेच फिरला. वेदना काहीच नाही. सासरे वर बघत पडले होते, त्यांना कळलंही नाही.

डॉक्टरांनी त्यांना विचारलं, दातांनी काही ओढता का. त्यांनी प्रामाणिकपणे सुताचं सांगितलं. माझ्यासमोर. डॉक्टर खुर्चीवर मागे टेकले, त्यांना उत्तर मिळालं होतं. ते रागावले नाहीत, समजावून सांगितलं की ये दात खाने के लिए है, काका, धागा खींचने के लिए नहीं. सासऱ्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चुकी जाली. तुमची मेहनत वाया घालवली मी."

मी त्या क्षणी काय केलं हे मला लिहायचं आहे, कारण इतकी वर्षं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. असू दे बाबा, म्हणालो. मी त्यांना माफ केलं.

पट्टी कापून आखूड केली, अर्थातच पेन्सिलच्या रेघेच्याही आत. चार खुंटांवर ती पुन्हा बसवली, या वेळी मी ती दोनदा बाहेरून कापून जोडून आणली आणि एकच स्क्रू आवळून पाहिलं तेव्हा केसाचीही फट नव्हती. माझ्या लॅबमधून गेलेलं ते सगळ्यात नेटकं काम असेल. पण शेजारच्या खुंटाचं हाड आधीच गेलं होतं. मे महिन्यात तोही हलला. आता सगळा भार उरलेल्या तिघांवर होता. डॉक्टर म्हणाले, आणखी बिघडायच्या आत पट्टी काढून टाकू आणि कवळी करू. नवे खुंट घालायला डावीकडे हाड उरलं नव्हतं. हाड परत आणता येत नाही. लॅबमध्ये मी मेणाने, प्लास्टरने काहीही भरून काढू शकत होतो.

कवळी मीच केली. तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडाचं माप घेतलं, तर हिरडीला डावीकडे खड्डा होता. ठशात तो उलटा, उंचवटा होऊन आला.

जून आला. सासरे पडवीत गेले नाहीत. बायको म्हणाली, ते घरात सगळ्यांना सांगतात की जावयाने सोन्यासारखे दात दिले होते, माझ्या खोडीने घालवले. ती मला हे माझ्या कौतुकासारखं सांगत होती. मी जेवणावरून उठलो. तिला म्हणालो, उद्या उत्तनला जाऊन येतो.

ते घरामागच्या पडवीत एकटेच होते. बाकीचे पुढच्या पडवीत, हसण्याचा आवाज येत होता. यांच्या पायाशी एक लहान जाळं पडलं होतं, कुणीतरी आणून टाकलेलं, हात न लावलेलं. मी खाली बसलो आणि सांगितलं. रेघ, जास्तीची दाढ, फट, दवाखान्यात त्यांनी हात वर केला तेव्हा मी काय म्हणालो ते. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोललो नसतो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे सूत वडल्यान न्हाय गेला?"

मला हो म्हणायचं होतं. त्यासाठीच मी आलो होतो. पण मी ते खोटं बोलू शकलो नाही, किंवा खोटं बोलायची माझी पाळी संपली होती.

"त्यानंही गेलं असेल, बाबा," मी म्हणालो. "पट्टी नीट असती तर कदाचित टिकलं असतं. दाढ जास्त नसती तर तुम्ही तिथे सूत धरलंच नसतं. नक्की कशाने, ते मला सांगता येत नाही."

"तुमालाबी न्हाय सांगता येत."

"नाही."

हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं असं मला वाटलं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. होळीपासून त्यांनी दोष स्वतःकडे घेतला होता, मी तो परत घ्यायला आलो होतो आणि पूर्ण उचलूही शकलो नाही. मग ते म्हणाले, डॉक्टरला कळू द्यायचं नाही. माझी पोर तुमच्या घरात आहे, तुमचं काम गेलं तर तिचं काय. मी म्हणालो, मी त्यांना सांगणार आहे. ते म्हणाले, "न्हाय सांगायचा." सासऱ्याने जावयाला इतक्या करड्या आवाजात बोलायची ती पहिलीच वेळ. मी नाही सांगितलं. पुढे कित्येक वर्षं त्याच डॉक्टरांचं काम करत राहिलो, आणि ते नव्या लोकांना सांगत राहिले की एका कोळ्याने धागा ओढून केस घालवली. मी तिथे असायचो.

मग सासऱ्यांनी ते लहान जाळं ओढून मांडीवर घेतलं. अंगठ्यात अडकवलं, सुई घातली, गाठ मारली. सुताचं टोक त्यांनी सवयीने तोंडाकडे नेलं आणि अर्ध्यावर थांबवलं. हाताने ओढून पाहिलं, नायलॉन सुटलं. गाठ ढिली राहिली.

त्यांनी टोक माझ्यापुढे धरलं.

मी ते बोटांत घेतलं. ते म्हणाले, "हातानं न्हाय बसत. दाढंत धरा. डाव्या."

मी धरलं. तोंडात खारट चव आली, जुन्या माशाची. त्यांनी जाळं आपल्याकडे ओढलं आणि मला मान बाहेर झटकायला सांगितलं. मी झटकली. दाढेच्या मुळाशी काहीतरी किंचित दबलं, जरासं हललं, आणि तिथून एक बारीक कळ कानापर्यंत गेली. मी आपोआप सूत सैल सोडलं.

"सोडू नका," ते म्हणाले. "आजून बसली न्हाय."

मी पुन्हा धरलं. ती कळ पुन्हा आली, बरोबर त्याच ठिकाणी, आणि तिच्याबरोबर कुठे थांबायचं तेही कळलं. आदल्या पावसाळ्यात पडवीत ते शेकडो वेळा इथपर्यंत आले असतील आणि इथून पुढे गेले असतील, कारण मी दिलेल्या दाढेने त्यांना काहीच कळवलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आमच्या सतरा-अठरा गाठी झाल्या असतील. पूर्वी ते एवढ्या वेळात अख्खं जाळं उरकायचे. पुढच्या रविवारी मी परत गेलो. त्यांनी जाळं काढलं नाही, मी विचारलंही नाही. एरवी मी शेवटच्या बसने निघायचो, त्या दिवशी चहा झाला आणि तिच्या आधीचीच बस धरली.